मोकळं टोक

धक्का आला तेव्हा दोरीमास्तर बसच्या रांगेत उभं राहून छत्री घरी राहिल्याचं दुःख करत होते. आभाळ स्वच्छ होतं. पण छत्री हातात असली म्हणजे हाताचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडत नसे. आज एका हातात वाचनालयाचं पुस्तक होतं आणि दुसरा हात नुसताच लोंबत होता, कुणीतरी जरा वेळ सांभाळायला दिल्यासारखा. बस वळणावर दिसली. रांग थोडी ताठ झाली. तेवढ्यात मागे कुठेतरी काहीतरी झालं आणि मास्तरांच्या पाठीत एक मऊ, ऊबदार, अजिबात राग नसलेली ढकल येऊन बसली. ते पुढे कलले. त्यांच्या पुढे, रांगेत पहिल्या, एक बाई उभ्या होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, काखेत पत्र्याचा डबा. मास्तरांचं पुस्तक त्यांच्या पाठीवर आपटलं, मास्तर पुन्हा सरळ झाले, आणि बाई मात्र झाल्या नाहीत. त्यांच्या पुढे कुणीच नव्हतं. फुटपाथची कड होती आणि कडेखाली रस्ता होता. त्यांचा पाय मुडपला, डबा निसटला, झाकण उडालं आणि रस्ताभर बटणंच बटणं झाली. पांढरी, काळी, शिंपल्याची, कोटाची मोठी, झबल्याची चिमुकली. काही जागच्या जागी पडली, काही चाकासारखी उभी राहून लांब निघून गेली. "कुणी पाय हलवू नका," बाई खाली बसल्या बसल्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, नुसतं सांगितलं. अर्थातच सगळ्यांनी पाय हलवले. बस येऊन थांबली होती, मागची रांग पुढे सरकत होती, आणि मास्तरांनी काही ठरवायच्या आत त्यांच्या वतीने इतरांनी ठरवलं. ते पायरीवर होते, मग आत होते, मग खिडकीजवळच्या जागेवर बसलेले होते. काचेतून त्यांना बाई दिसल्या. उजवा घोटा दोन्ही हातांत धरून त्या कडेला बसल्या होत्या आणि घोट्याकडे न बघता बटणांकडे बघत होत्या. मास्तर म्हणाले, "थांबवा." पण ते अशा आवाजात म्हणाले की तो शेजारच्यालाही ऐकू गेला नाही. बस सुटली.

बसमध्ये चर्चा झाली. सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या एका अगडबंब माणसाचा पाय दगडावरून घसरला होता आणि त्याने पुढच्याच्या पाठीचा आधार घेतला होता. पुढच्याने त्याच्या पुढच्याचा घेतला. "आम्ही तर जागचे हललोसुद्धा नाही," एक गृहस्थ सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि बाकीच्यांनीही तेच सांगितलं. खरंच होतं ते. मास्तरांनी डोळे मिटले. प्रत्येक जण किंचित पुढे झाला आणि पुन्हा आपल्या जागी आला. अगडबंब माणूस शेवटचा होता तो शेवटचाच राहिला. त्याचा तर बाईंशी काही संबंधच आला नाही. आणि तरी तो त्यांच्यापर्यंत पोचला. चौतीस वर्षं नववीच्या वर्गाला शिकवलेला धडा आज पहिल्यांदा मास्तरांच्या पाठीतून गेला होता. लाटेबरोबर माध्यम प्रवास करत नाही. फक्त ऊर्जा पुढे जाते. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की शेवटी शेवटी खडूच ते लिहायचा, मास्तर नुसते मागे उभे असायचे. आता ते वाक्य त्यांना निर्लज्ज वाटलं. जबाबदारी टाळणाऱ्या माणसाने लिहून ठेवल्यासारखं.

दोरीमास्तर हे नाव त्या धड्यानेच दिलं होतं. दाराच्या कडीला दोरी बांधायची, मध्ये लाल फीत लावायची, दुसरं टोक आपल्या मुठीला दोन वेढे देऊन धरायचं आणि एक झटका द्यायचा. उंचवटा सरसर कडीपर्यंत जाई आणि उलटा होऊन परत येई. फीत मात्र जागच्या जागी वर-खाली. एका वर्षी असाच झटका देऊन मास्तर म्हणाले, "बघा, ऊर्जा गेली, पण वस्तू जागची हलली नाही," आणि नेमकं तेव्हाच मुख्याध्यापकांनी बाहेरून दार ओढलं. मुठीला दोन वेढे होते. मास्तर सगळ्या वर्गादेखत, वाकलेल्या अवस्थेत, पावलं मोजल्यासारखी टाकत दारापर्यंत गेले आणि मुख्याध्यापकांच्या पोटासमोर नतमस्तक होऊन थांबले. मुख्याध्यापकांना तो नमस्कार वाटला. "असू दे, असू दे," ते म्हणाले. त्या दिवसानंतर गावातल्या कुणालाही त्यांचं खरं नाव लागलं नाही. मास्तरांना त्या हसण्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. त्यांना लागून राहिला तो दुसरा प्रसंग. ते शिकवत होते की दोरीचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नसेल, मोकळं असेल, तर तिथे पोचल्यावर लाट दुप्पट उंच उसळते. मधल्या कणांना पुढचा शेजारी असतो, शेवटच्याला नसतो. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, "मास्तर, मग त्या शेवटच्याने काय करायचं?" मास्तर म्हणाले होते, "हे परीक्षेला नाही."

घरी येऊन त्यांनी सवयीप्रमाणे बूट दाराशी काढले, पँट झटकली, आणि पँटच्या दुमडीतून एक बटण फरशीवर पडलं. धुरकट पांढरं, चार भोकांचं. ते गोल गोल फिरत राहिलं आणि मास्तर उभ्या उभ्या ते थांबायची वाट बघत राहिले. म्हणजे काहीतरी आलंच बरोबर. सगळी बस म्हणत होती की आम्ही जागचे हललो नाही, आणि हा पुरावा त्यांच्या पँटमध्ये बसून घरापर्यंत आला होता. शोधल्याचा आनंद आणि पकडलं गेल्याची भीती एकाच वेळी झाली. त्यांनी बटण उचलून टेबलावर ठेवलं, त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलं, मग ते लपवल्यासारखं दिसतं म्हणून पुन्हा काढलं. चहा केला. चहा पिताना बटणाकडे पाठ करून बसले. आणि तेव्हा त्यांना वरून आवाज आला: टप्. मग सरर. मग टप्. मग सरर.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. असं दोन वर्षं एका इमारतीत राहून कसं होऊ शकतं, असं कुणीही विचारलं असतं, पण मास्तरांच्या बाबतीत ते सहज होऊ शकत होतं. इमारतीला दोन जिने होते. बाईंकडे येणारी-जाणारी माणसं मागच्या जिन्याने येत, म्हणून मास्तर पुढचा वापरत. आणि पुढच्या जिन्यावरही पाऊल वाजलं की ते दाराआड थांबून ते निघून जाईपर्यंत बुटाची नाडी बांधत. सगळे त्यांना टेलरबाई म्हणत एवढंच माहीत होतं. बाकी सगळं छतातून आलं होतं. सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज, तो नेहमी एकाच सुरात. मग कपाटाचं दार. मग कात्री: कात्रीचा आवाज खाली येत नसे, पण ती टेबलावर ठेवल्याचा यायचा. आणि मग मशीन. पायाने चालवायचं जुनं मशीन. त्याची घरघर छतातून, भिंतीतून, पलंगाच्या पायातून मास्तरांच्या उशीत यायची आणि दुपारची झोप टाके उसवल्यासारखी बारीक बारीक फाडायची. सुरुवातीला त्यांनी सहन केलं. मग एकदा, आयुष्यातली बहुतेक सगळ्यात धाडसी गोष्ट, जळमटं काढायच्या काठीने छतावर दोनदा ठोकलं. ठक, ठक. आणि मशीन थांबलं. मास्तर इतके घाबरले की त्यांना त्या दिवशीही झोप लागली नाही. पण पुढे त्याचा करार झाला. जेवण झालं की मास्तर दोनदा ठोकत, मशीन थांबे; मास्तर उठून चहाचं भांडं ओट्यावर आपटत, मशीन सुरू होई. शब्द नाही, चिठ्ठी नाही, तोंडओळख नाही. दोन वर्षांत एकही भांडण झालं नव्हतं, आणि इतके सुरळीत संबंध मास्तरांचे फार थोड्या माणसांशी राहिले होते.

आता टप्, सरर. उजवं पाऊल टेकत नव्हतं, ओढलं जात होतं. मास्तरांनी कप खाली ठेवला. डबा, बटणं, अंबाड्यातली पेन्सिल. एकाच बसची वाट बघणारी दोन माणसं एकाच दिशेला राहत असणार हे नववीतल्या पोरालाही कळलं असतं. आपण ज्यांना रस्त्यावर बसवून आलो त्या बाई आपल्या डोक्यावर राहतात. त्यांनी छताकडे पाहिलं. छताला एक जुना पोपडा होता, तो नेहमीसारखाच होता.

मशीन त्या संध्याकाळी वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी वाजलं नाही. पायाचं मशीन पायाशिवाय चालत नाही, ही गोष्ट मास्तरांना जेवताना, अंघोळ करताना, पेपर वाचताना पुन्हा पुन्हा सुचत राहिली. दुपारी त्यांनी ठोकायला काठी घेतली आणि तशीच परत ठेवली. थांबवायला काही चालूच नव्हतं. दोन वर्षं ज्या शांततेसाठी जीव टाकला ती फुकट मिळाली होती आणि तिच्यात डुलकीसुद्धा लागेना. पलंग मुका झाला होता. त्यांनी वाचनालयाचं पुस्तक उघडलं. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा दबलेला होता, तो बाईंच्या पाठीत दबलेला होता, त्यांनी पुस्तक मिटलं. मागच्या जिन्यावर बायकांचे आवाज आले. कुणीतरी गणवेशांचं विचारत होतं, शाळा सोमवारी उघडतेय हो, असं काहीतरी. मग वरचा आवाज, शब्द न कळणारा, समजूत घालणारा. मग जिना उतरणारी नाराज पावलं. मास्तरांना पावलांची नाराजी ओळखता येत होती. चौतीस वर्षं पालकसभा घेतल्या होत्या.

वर जायला हवं. एवढं तर कळत होतं. जाऊन सांगायला हवं की मी तो. पण नेमकं काय सांगायचं? धक्का माझा नव्हता, मी नुसतं माध्यम होतो? हे खरं होतं आणि सांगण्यासारखं नव्हतं. धक्का मीच दिला? हे सांगण्यासारखं होतं आणि खरं नव्हतं. मास्तरांनी आरशासमोर उभं राहून दोन्ही म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा आरशातला माणूस खोटं बोलत असल्यासारखा दिसला. निदान काहीतरी कळवावं, विचारपूस करावी, म्हणून त्यांनी शेवटी काठी उचलली आणि अगदी हळू, शक्य तितक्या सहानुभूतीने, छतावर दोनदा ठोकलं. ठक, ठक. म्हणजे: कसं काय? वर चाललेली टप्-सरर एकदम थांबली. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. मास्तरांना हळूहळू उमगलं आणि त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. दोन ठोक्यांचा अर्थ एकच होता, तो त्यांनीच ठरवला होता: गप्प बसा. लंगडणाऱ्या बाईला त्यांनी खालून सांगितलं होतं की तुमच्या लंगडण्याचा त्रास होतो. घाईघाईने त्यांनी ओट्यावर भांडं आपटलं. म्हणजे: चालू द्या. वर शांतताच. मग पुन्हा ठोकलं, मग पुन्हा भांडं, मग ते स्वतःच थांबले, कारण एखाद्या वेड्याला खालच्या घरात कोंडून ठेवल्यासारखं ते वाजत होतं. त्या संध्याकाळी बाई बहुधा भिंतीला धरून, पाऊल न टेकता चालल्या. काहीच ऐकू आलं नाही. पण काहीच ऐकू न येण्यासाठी वर किती कष्ट चालले असतील ते मास्तरांना खाली बसून स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुम्ही स्वतः सोडून सगळं पाठवता," त्यांची बायको म्हणायची. चिडून नाही, भाजी निवडताना म्हणायची. तिच्या माहेरी लग्न असलं की मास्तर आहेर पाठवत. शेजारी कुणी गेलं की शोकसंदेश पाठवत, आणि तो इतका सुंदर असे की लोक जपून ठेवत. ती शेवटची आजारी होती तेव्हा तिला आतल्या खोलीत झोपवलेलं असे आणि मास्तर बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसत. ती भिंतीवर अंगठीने टक् करी. मास्तर इकडून पेन्सिलीने टक् करत. म्हणजे मी आहे. तीही आहे. त्यांना त्या वेळी हे फार छान वाटलं होतं. भिंतीतून आवाज हवेपेक्षा किती वेगाने जातो, हेही त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं, आणि ती हसली होती. एकदा मात्र ती टक् केल्यावर थोडं थांबली आणि मग म्हणाली, "पेन्सिल आली. तुम्ही कधी येणार?" तेव्हा ते गेले होते आत. पुस्तकात बोट ठेवून गेले होते.

त्याच रात्री, शनिवारी, त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी समुद्रापलीकडे राहत होती आणि फोन तिचा यायचा, रविवारी दुपारी, आणि मास्तर तिसऱ्या घंटीला उचलायचे, म्हणजे आपण टपून बसलो होतो असं वाटू नये. त्यांनी आपणहून केलेला फोन हा प्रकार घरात फक्त वाईट बातमीसाठी राखलेला होता. त्यामुळे तिने पहिलं वाक्य विचारलं ते, "कोण गेलं?" मास्तर म्हणाले, कुणी नाही, मला एवढंच विचारायचं होतं की घोटा मुरगळला तर बर्फ लावावा की शेकावं. मग तिला वाटलं यांचाच घोटा, आणि तो गैरसमज दूर करण्यात बराच वेळ गेला, आणि तो दूर करायला सगळंच सांगावं लागलं. ऐकताना ती मध्ये एकदा नाकातून हसली. ते हसू मास्तरांच्या कानाशी जसंच्या तसं पोचलं. याचं त्यांना नेहमी नवल वाटे. प्रकाशाला दोरी लागत नाही, या आवाजालाही आता लागत नाही, मध्ये नुसती पोकळी असली तरी तो येतो, हलायला मध्ये कुणीच नाही, आणि तरी इथे कान गरम होतो.

"मग गेलात का त्यांना भेटायला?" तिने विचारलं.

"नाही."

"फोन?"

"नंबर नाही."

"मग काय केलंत बाबा?"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काठी वाजवली."

फोनमधून नुसती सूं-सूं येत राहिली. लांबच्या अंतराचे पैसे जळत होते. शेवटी ती म्हणाली, "बाबा, काठी ठेवा. चप्पल घाला. एक जिना आहे." मग अगदी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली, "आणि तो मळका सदरा घालून जाऊ नका."

रविवारी जेवण झाल्यावर मास्तरांनी त्यातल्या त्यात बरा शर्ट घातला. हा तोच परवाचा होता, कारण दुसरा बरा नव्हताच. खडूच्या धुळीच्या दिवसांपासून बाह्या कोपरापर्यंत दुमडायची सवय होती तशा दुमडल्या. मग पाहुण्यासारखं दिसावं म्हणून त्या खाली सोडल्या. बटण एका पाकिटात घातलं. पाकिटावर नाव लिहायला गेले तर नाव माहीत नव्हतं, म्हणून पाकीट रद्द करून बटण मुठीत घेतलं. ते पुढच्या जिन्याने वर गेले. बाईंचं दार मागच्या जिन्याला होतं, म्हणून पुन्हा खाली उतरून मागच्याने वर गेले. तोवर मुठीतलं बटण घामाने ओलं झालं होतं आणि पाठ केलेलं भाषण दोन जिन्यांवर मिळून सांडलं होतं. दाराला बेल होती. मास्तरांनी सवयीने बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, ठक, ठक, आणि ऐकताक्षणी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून आवाज आला, "अहो, मशीन बंदच आहे."

"मी," मास्तर म्हणाले, "खालून आलोय. स्वतः."

दार उघडायला वेळ लागला. बाई पन्नाशीच्या असतील. पाऊल पट्टीत गुंडाळलेलं, हातात आधाराला कापड मोजायची लाकडी गजकाठी. त्यांनी मास्तरांना आपादमस्तक पाहिलं, म्हणजे माप घेतल्यासारखं, खांद्यापासून बाहीपर्यंत. मग म्हणाल्या, "काठीवाले मास्तर तुम्हीच का? मला वाटायचं तुम्ही उंच असाल." मास्तरांनी काठी लांब असल्याचं सांगितलं. बसा म्हणाल्यावर ते बसले. जिकडेतिकडे निळ्या गणवेशांचे कापलेले तुकडे होते, बाह्यांचा एक ढीग, पाठींचा एक, गळ्यांचा एक. वर्गच्या वर्ग सुटा करून ठेवल्यासारखा. मध्ये मशीन होतं. त्याचं लोखंडी पायडल, इतके दिवस नुसतं ऐकलेलं, मास्तर ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले.

भाषण आठवेना, म्हणून ते सरळ म्हणाले की परवाच्या रांगेत तुमच्या मागे मी होतो. बाई म्हणाल्या, "पुस्तकवाले." त्यांची पाठ ते पुस्तक ओळखत होती. मास्तर म्हणाले, हो. मग त्यांनी अगडबंब माणसाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, प्रत्येक जण आपापल्या जागी परत आला ते सांगितलं. त्यांना जाणवलं की आपण शिकवतोय, हातही तसाच हलतोय. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. इतक्या शांतपणे त्यांचा धडा चौतीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

"म्हणजे धक्का त्या शेवटच्याचा," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग तो तुमच्यापाशी का नाही थांबला?"

हे परीक्षेला नाही, असं म्हणायची सोय इथे नव्हती. मास्तर पायडलकडे बघत राहिले. त्यांना रांगेतली ती पाठीतली ढकल आठवली, मऊ, ऊबदार. आणि ती आली तेव्हा पाय घट्ट रोवायचे, दात आवळून उभं राहायचं, हे आपल्या मनात आलंच नाही, हेही आठवलं. आपण वाकलो. पुढे दिलं. मग सरळ उभे राहिलो, काही झालंच नाही असे. "थांबला असता," ते म्हणाले. "मी घट्ट उभा नव्हतो. कधीच नसतो."

बाईंनी गजकाठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "मीही परवा उठायचंच सोडून बटणांकडे बघत बसले. पन्नास माणसं उभी होती, पण हात मागायचं सुचलं नाही." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं आलात. मला वाटलं, आता लंगडायचीही बंदी."

मास्तरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मूठ उघडून बटण पुढे केलं. म्हणाले, हे तुमचं, माझ्याबरोबर आलं होतं. आणि आवरलं नाही म्हणून हेही सांगून टाकलं की खरं तर असं व्हायला नको, लाटेबरोबर काही येत नाही, म्हणून दोन रात्री मी याच्याकडे बघतोय. बाईंनी बटणाकडे पाहिलंच नाही. त्या मास्तरांच्या मनगटाकडे बघत होत्या.

"हे माझ्या डब्यातलं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुमच्या डाव्या बाहीचं. उजवीकडे त्याचा भाऊ आहे बघा."

मास्तरांनी पाहिलं. उजव्या बाहीला धुरकट पांढरं, चार भोकांचं. डाव्या बाहीला दोऱ्याची दोन टोकं. बायको गेल्यापासून त्या बाह्या कुणी खाली सोडल्या नव्हत्या. म्हणजे काही आलं नव्हतं. रांगेतून काही म्हणजे काहीच त्यांच्याकडे आलं नव्हतं. आपलंच आपण घेऊन ते दोन जिने चढले होते. नियम शाबूत होता. मास्तरांना आधी शरम वाटली, मग नियमाबद्दल जुना अभिमान वाटला, मग एकदम हसू आलं, आणि ते जोरात आलं, आपला हसण्याचा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बाईही हसल्या. हसता हसता सुईत दोरा ओवून झाला होता. शर्ट काढून द्या म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा पाहून म्हणाल्या, बरं, मग हात टेबलावर ठेवा.

मास्तरांनी हात टेबलावर ठेवला. हाताचं काय करायचं हा प्रश्न मिटला. सुई मनगटाला न टोचता आत-बाहेर होऊ लागली. दोऱ्याचं एक टोक बाहीत, दुसरं बाईंच्या बोटांत, आणि त्या प्रत्येक टाक्याला दोरा ताणत तेव्हा मास्तरांना तो बारीक ताण कोपरापर्यंत येताना जाणवत होता.

तेव्हा जमिनीखालून घंटी वाजली. मास्तरांना आधी ती ओळखू आली नाही. आपला फोन वरून कसा वाजतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तळव्यांना गुदगुल्या झाल्यासारखी ती फरशीतून येत होती. रिकाम्या घरात, पलंगाशेजारी, पुन्हा वाजली.

"मुलीचा ना?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "दर रविवारी येतो. तुम्ही तिसऱ्याला उचलता. दोन घंट्या फोनपाशी येऊन उभे असता, पाऊल वाजतं."

तिसरी वाजली. मास्तर उठायला गेले.

"हात हलवू नका," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हात हलवला नाही. चौथी वाजली, पाचवी वाजली. मास्तरांना माहीत होतं की समुद्रापलीकडे आता ती मोजत असेल, आणि कधी नव्हे ते त्यांना बरं वाटलं की आपण तिला काहीही पाठवत नाही आहोत, आणि तिला ते नीट कळणार आहे. घंटी थांबली. बाईंनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि बाही अंगठ्याने एकदा दाबून पाहिली.

"उद्या शाळा," त्या ढिगांकडे बघून म्हणाल्या. "शिवायला हात आहेत माझे. पायाचीच पंचाईत." त्या बोलल्या ढिगांशी. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. रांगेत जशी पाठीत ढकल आली होती तशीच ही आली, मऊ, ऊबदार. मास्तरांना वाटलं, आता हे कुणाकडे तरी पुढे देता येईल. एखादी ओळखीची बाई, एखादं दुकान, एखादी चिठ्ठी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या पुढे कुणी नव्हतं.

"माझा चालेल?" त्यांनी विचारलं, आणि पाय पुढे केला.

बाईंनी दुसरं स्टूल शेजारी ओढलं. मशीनपुढे दोघं दाटीवाटीने बसले. बाईंचे हात कापडावर, मास्तरांचा पाय पायडलवर. मास्तरांनी नेट लावला. चाक उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. "उलटं," बाई म्हणाल्या, आणि ओवला. पुन्हा तुटला. "मास्तर, तुम्ही जोर करताय. जोर नको. नुसतं घट्ट बसा आणि येतं तसं येऊ द्या." तिसऱ्यांदा चाक सरळ फिरलं, थांबलं, अडखळलं, आणि मग पायातून पट्ट्यात, पट्ट्यातून चाकात, चाकातून सुईत घरघर चढत गेली आणि निळ्या पाठीला निळी बाही लागली.

खाली, मास्तरांच्या घरात, दुपारच्या झोपेच्या वेळेला छत वाजू लागलं. काठी कोपऱ्यात उभी होती.